उजेडाचा मुलामा

रात्री नऊच्या सुमारास जिल्ह्याच्या गावाहून परतणारा शिक्षक असो, किंवा शेवटच्या गाडीने उतरून स्कूटरवर घर गाठणारा कारकून असो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याने ज्याचे डोळे कधी दिपले नाहीत असा माणूस आज सापडणे कठीण आहे. क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. कडेने चाललेली उसाची बैलगाडी, मागे लाल काच नसलेली सायकल, डोक्यावर भारा घेऊन घरी निघालेली बाई, हे सारे त्या पांढऱ्या झोतात विरून जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. दिपलेले डोळे निवळण्यास तीनच सेकंद लागले असे धरले, तरी तेवढ्या अवधीत ५० मीटर रस्ता केवळ दैवावर हवाला ठेवून काटलेला असतो.

मालमोटारींच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही विनंती वर्षानुवर्षे रंगविली जात आली आहे. ती वाचून असे वाटावे, की दोष केवळ चालकाच्या आळसाचा किंवा उर्मटपणाचा आहे. त्याने बोट हलवून झोत खाली घेतला की प्रश्न मिटला. वस्तुतः अनेकदा घडते ते निराळेच. चालकाने डिपर दिलेला असतो, आणि तरीही समोरच्याचे डोळे दिपतात. याची कारणे एकाहून अधिक आहेत. कधी दिव्याची बैठक हललेली असते, कधी मागे ओझे जास्त झाल्याने गाडीचे तोंड वर उचललेले असते. परंतु एक कारण असे आहे, की जे गाडीच्या मालकाने स्वतः पैसे मोजून, मोठ्या हौसेने विकत आणलेले असते. ते म्हणजे ‘जादा उजेडाचा’ म्हणून मिळणारा बनावट बल्ब. त्यातला अस्सल कोणता आणि तोतया कोणता, हा प्रश्न हौशी मोटारमालकांपुरता आहे असे वरवर वाटते. पण या खरेदीत फसवणूक एकाची होते आणि शिक्षा दुसऱ्याच कोणाला भोगावी लागते. म्हणूनच ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनीही हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

काचेच्या आतली शिस्त

मोटारीच्या दिव्यात हॅलोजन बल्ब आला तो युरोपात, १९६२ साली. लांबचा आणि जवळचा असे दोन्ही झोत एकाच काचेतून देणारा ‘एच-४’ हा प्रकार १९७१ साली निघाला आणि पुढे भारतातील असंख्य मोटारींनी तो स्वीकारला. अनेक मोटारसायकलींत त्याचाच धाकटा भाऊ म्हणावा असा ३५ वॅटचा ‘एचएस-१’ बल्ब असतो. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापते, तिचे सूक्ष्म कण उडतात आणि काचेवर काजळीसारखे साचतात. हॅलोजन बल्बमध्ये ब्रोमीन किंवा आयोडीन यांचा अल्प अंश मिसळलेला असतो. तो उडालेल्या टंगस्टनशी संयोग पावतो आणि त्याला पुन्हा तारेकडे आणून सोडतो. त्यामुळे काच स्वच्छ राहते आणि तार अधिक तापविता येते. हे चक्र अखंड चालण्यासाठी काचेचे तापमानही सुमारे अडीचशे अंशांहून वर राहावे लागते. म्हणून ती आकाराने लहान आणि क्वार्ट्झसारख्या उष्णता सोसणाऱ्या द्रव्याची असते.

हे झाले रसायन. खरी कारागिरी आहे ती भूमितीत. एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. त्यांपैकी डिपरच्या तारेखाली धातूची एक चिमुकली पळी बसविलेली असते. ही पळी तारेचा उजेड परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू देत नाही. त्यामुळे वरच्या अर्ध्या भागावरून परतलेला प्रकाश तेवढा रस्त्याकडे, खाली वळतो. पळीची एक कड किंचित तिरकी असते. तिच्यामुळे आपल्याकडे डाव्या बाजूला, म्हणजे पायी चालणाऱ्यांच्या बाजूला, झोत जरासा वर चढतो. आणि उजवीकडे, जिकडून समोरचे वाहन येते तिकडे, तो खालीच राहतो. सारी व्यवस्था अशी, की आपल्याला रस्ता दिसावा आणि समोरच्याला त्रास होऊ नये.

परंतु ही व्यवस्था टिकते ती एकाच अटीवर. तार आणि पळी या दोन्ही वस्तू बुडाच्या चकतीपासून नेमक्या ठरलेल्या अंतरावर असल्या पाहिजेत. येथे चूक मोजली जाते ती मिलिमीटरच्या काही दशांशांत. तार जरा पुढेमागे सरकली, पळी जरा कलली, की परावर्तकाचे गणित चुकते आणि खाली जाणारा उजेड वर उधळतो. म्हणून बनावट बल्ब लवकर जातो हा त्याचा मुख्य दोष नव्हे. उलट तो लवकर गेला तर एका परीने बरेच. त्याचा खरा दोष असा, की तो जळत राहतो, भरपूर उजेड देतो, आणि तो उजेड नको तेथे टाकतो. मालकाला समोरच्या झाडांचे शेंडे उजळलेले दिसतात आणि पैसे वसूल झाल्याचे समाधान वाटते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून निराळा नसावा.

अस्सल मालाची किंमत

‘जादा उजेडाचा’ बल्ब म्हणजे सारीच बनवाबनवी, असे मात्र मुळीच नाही. नामांकित उत्पादकांचे असे बल्ब खरोखरच रस्ता अधिक उजळतात. ते हे कसे साधतात, हे समजले म्हणजे निम्मी पारख झालीच. मोटारींच्या बल्बांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३७ क्रमांकाचा नियम आहे, आणि भारतात त्याच धर्तीवर एआयएस-०३४ हे मानक आहे. या नियमानुसार एच-४ बल्ब ६० व ५५ वॅटचा असतो. १३.२ व्होल्ट दाबाला त्याने अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्यूमेन प्रकाश द्यावा असे ठरलेले आहे आणि त्यात कमीजास्त होण्यास थोडीच सवलत आहे. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहणाऱ्या कोणत्याही बल्बला एकूण उजेड दुप्पट करण्याची मुभाच नाही.

मग वेष्टनावर छापलेले ‘१३० टक्के अधिक’ हे आकडे कशाचे असतात? ते असतात रस्त्यावरच्या काही विवक्षित ठिकाणांचे. आणि तुलना असते ती नियमाने घालून दिलेल्या किमान मर्यादेशी, शेजारच्या चांगल्या साध्या बल्बशी नव्हे. तार बारीक व घट्ट गुंडाळून ती आखूड केली, अधिक तापविली, आत झेनॉनसारखा जड वायू अधिक दाबाने भरला आणि तारेची जागा अधिक काटेकोर राखली, की झोताचा गाभा एकवटतो आणि त्याची पोच लांबते. अस्सल वेष्टनावर या टक्क्यांच्या आधी ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द असतो आणि तुलना कशाशी केली आहे तेही बारीक अक्षरांत सांगितलेले असते. त्या बारीक अक्षरांत उत्पादकाचा प्रामाणिकपणा असतो.

याची किंमत केवळ रुपयांत चुकती होत नाही. टंगस्टनच्या तारेचा एक ढोबळ नियम आहे. तिला मिळणारा विद्युतदाब पाच टक्क्यांनी वाढविला तर उजेड सतरा-अठरा टक्क्यांनी वाढतो, पण आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. उजेड आणि आयुष्य यांची येथे अशी सांगड आहे, की एकाच्या पानात जास्त वाढायचे तर दुसऱ्याच्या पानातून काढावे लागते. म्हणून अधिक उजेड देणारा अस्सल बल्ब साध्यापेक्षा लवकर जातो, आणि चांगले उत्पादक हे लपवीत नाहीत. दुचाकीस्वारांनी तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतोवर आपोआप जळता राहतो. अल्पायुषी बल्ब तेथे भर दुपारच्या उन्हातही आपले आयुष्य जाळीत असतो.

यावरून पहिली कसोटी हाती लागते. जो बल्ब दुप्पट उजेड, दुप्पट आयुष्य, कमी वीज आणि कमी किंमत या चारही गोष्टी एकदम देऊ करतो, तो खोटे बोलत आहे हे काच न पाहताही सांगता येते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे वेष्टनांच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

निळाईचे गणित

बाजारात सर्वांत जास्त भूल घालतो तो निळा बल्ब. १९९० नंतरच्या दशकात महागड्या परदेशी मोटारींतून झेनॉन वायूचे ठिणगी-दिवे येऊ लागले. त्यांचा उजेड हॅलोजनपेक्षा पांढरा असे. तेव्हापासून पांढरा-निळसर उजेड म्हणजे श्रीमंती आणि सामर्थ्य, असे समीकरण रूढ झाले. त्याचा लाभ उठवीत साध्या हॅलोजन बल्बच्या काचेवर निळा लेप चढवून त्यावर ‘५००० केल्व्हिन’, ‘६००० केल्व्हिन’ असे आकडे छापण्याची रीत पडली. ग्राहकाला वाटते, आकडा मोठा म्हणजे उजेड मोठा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. केल्व्हिनचा हा आकडा उजेड किती ते सांगत नाही. त्याचा रंग कोणता ते सांगतो. तापलेली तार जितकी अधिक तापेल तितका तिचा उजेड तांबूस-पिवळ्याकडून पांढऱ्याकडे सरकतो. पण टंगस्टन ३४२२ अंश सेल्सियसला, म्हणजे सुमारे ३७०० केल्व्हिनला वितळते. जी तार ३७०० ला पाणी होते तिने ५००० केल्व्हिनचा उजेड द्यावा कसा? तो तारेतून येत नाही हे उघड आहे; तो काचेवरच्या रंगातून येतो. आणि रंगीत काच उजेडात निळ्याची भर घालीत नाही. ती तांबडा-पिवळा भाग अडवून धरते. उरतो तो निळसर दिसतो इतकेच. म्हणजे ग्राहक जादा पैसे देऊन कमी उजेड विकत घेतो. नामांकित उत्पादकही फिकट निळ्या छटेचे बल्ब काढतात. पण अडलेल्या उजेडाची भरपाई त्यांना तार अधिक तापवून, म्हणजेच आयुष्य घटवून करावी लागते. गडद निळ्या तोतयाला ती भरपाई करण्याचे प्रयोजनच नसते. वर त्याच्या डब्यावर ‘५५ वॅट बरोबर १०० वॅट’ असे समीकरण छापलेले आढळते. शाळेत असे समीकरण मांडणाऱ्या मुलाला गुरुजींनी काय गुण दिले असते, हे सांगावयास नको.

याहून धोक्याचा भाऊबंद म्हणजे खरोखरीच १०० व ९० वॅटचा बल्ब. हा खोटा नसतो, पण त्याची जागा चुकीची असते. अशा काही डब्यांवर ‘केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी’ अशी इंग्रजी ओळ असते; ती ना दुकानदार वाचून दाखवितो, ना ग्राहक विचारतो. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर प्रवाह ओढतो, तर १०० वॅटचा सव्वाआठ. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती पावणेतीन पटींवर जाते. मग दिव्याचे सॉकेट करपते, बटन वितळते, प्लास्टिकची पुढची काच पिवळी पडते. जादा विजेचा काही भाग रस्त्यावर न जाता वायरीतच खर्ची पडतो, तो वेगळाच.

अलीकडे हॅलोजनच्या जागी एलईडी बसविण्याची लाट आली आहे. तेथेही प्रश्न तोच, भूमितीचा. परावर्तक घडविलेला असतो तो चहूबाजूंनी तेजाळणाऱ्या बारीक तारेसाठी. त्याच्यापुढे पट्टीच्या दोन बाजूंना चिकटविलेल्या चकत्या ठेवल्या तर झोत बिघडण्याचा संभव फार. जर्मनीत असा एलईडी बल्ब रस्त्यावर वापरण्यास पहिली संमती २०२० साली मिळाली, आणि तीही विवक्षित मोटारींच्या विवक्षित दिव्यांपुरतीच. ‘सर्व गाड्यांना चालतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या मालाकडे पाहताना एवढे आठवले तरी पुरे.

खुणा आणि त्यांच्या मर्यादा

बाजाराच्या भाषेत मालाचे तीन वर्ग असतात: ओरिजिनल, लोकल आणि डुप्लिकेट. यांतल्या ‘लोकल’ला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. स्वतःच्या नावाने, मानक पाळून साधा बल्ब बनविणारा छोटा उत्पादक आपल्या जागी प्रामाणिक आहे. दोषी आहे तो दुसऱ्याचे नाव चोरणारा, किंवा आपल्याच नावावर अशक्य दावे करणारा.

अस्सल बल्बच्या धातूच्या बुडावर उत्पादकाचे नाव, बल्बचा प्रकार, व्होल्ट व वॅट यांचे आकडे सुवाच्य कोरलेले असतात. युरोपीय नियमानुसार मान्यता मिळालेल्या बल्बवर वर्तुळात ‘ई’ हे रोमन अक्षर आणि त्यापुढे एक आकडा असतो. हा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, माल बनविणाऱ्या देशाचा नव्हे: १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ४ म्हणजे नेदरलँड्स. त्यामुळे भारतात बनलेल्या बल्बवर जर्मनीचा आकडा दिसला म्हणून दचकू नये. ‘डीओटी’ ही अमेरिकी अक्षरे मात्र उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर उमटविलेली असतात. त्यांच्यामागे सरकारी परीक्षेचा निकाल नसतो. याशिवाय दोन्ही तारा सरळ आहेत का, पळी घट्ट आहे का, बुडाची चकती डगमगते का, काचेच्या टोकावरचा काळा लेप सारखा आहे का, हे नुसत्या डोळ्यांनीही पाहता येते. झेनॉन दिव्यांच्या बाबतीत फिलिप्स आणि ओसराम या उत्पादकांनी वेष्टनावर सांकेतिक क्रमांक देऊन तो संकेतस्थळावर पडताळण्याची सोयही केलेली आहे.

तथापि ज्याने नाव चोरले तो खूण चोरावयास का कचरेल? डबा, छपाई, कोरीव अक्षरे या साऱ्यांची नक्कल होते. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. ज्याची नक्कल सहजी साधत नाही अशी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे झोत.

सोनाराकडे जसा कसोटीचा दगड, तशी येथे साधी भिंत. सपाट जागी, भिंतीपासून आठ-दहा मीटरवर गाडी उभी करावी. एका दिव्यात जुना, कंपनीतून आलेला बल्ब राहू द्यावा, दुसऱ्यात नवा बसवावा आणि डिपर लावावा. चांगल्या बल्बचा झोत भिंतीवर वरच्या बाजूस स्पष्ट रेघ आखतो. उजवीकडे ती आडवी असते आणि डावीकडे चढत जाते. त्या रेघेच्या वर जवळजवळ अंधार असतो. नव्या बल्बची रेघ विस्कटलेली असेल, तिच्यावर उजेडाचे ठिगळ दिसत असेल, तर तो बल्ब नीट बसला आहे की नाही हे आधी पाहावे. बसवणे निर्दोष असूनही ठिगळ राहिले, तर डब्यावर कोणाचेही नाव असो, तो बल्ब परत करावा. मान्य ठरलेले बल्ब मात्र नेहमी जोडीने बदलावेत. बसविताना काचेला बोट लावू नये. त्वचेचा तेलकट अंश तापलेल्या काचेवर डाग पाडतो आणि चांगला बल्बही अकाली जातो. मग उगाच अस्सलावर डुप्लिकेटचा आळ येतो.

आधी घरचे पाहावे

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. ‘उजेड कमी पडतो’ म्हणून दुकान गाठणाऱ्या पुष्कळांना मुळात नव्या बल्बची गरजच नसते. जुन्या गाडीत अर्थिंगचा जोड गंजलेला असतो, सॉकेट सैल झालेले असते. बल्बपर्यंत पोचताना दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. पुढची काच धुळीने किंवा उन्हाने धुरकटलेली असते. दिव्याचा रोख चुकलेला असतो. वायरमनकडून जोड साफ करून घेणे, काच धुणे, रोख जुळविणे यांत जे साधते ते अनेकदा महागड्या बल्बनेही साधत नाही. पण स्वच्छ केलेला जोड कोणाला दिसत नाही आणि निळा उजेड गल्लीभर दिसतो. तेव्हा माणूस कशावर खर्च करील हे ओळखणे अवघड नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. पुढच्या दिव्याचा झोत असा खाली वळलेला असावा, की त्याने आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपू नयेत, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने लावणे आणि तसा माल विकणे हे १९९९ च्या कायद्याने गुन्हे आहेत. सहा महिने ते तीन वर्षे कारावास व दंड, अशी शिक्षा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही बनावट मालाविरुद्ध तरतूद आहे. मोटारींच्या भागांची परीक्षा करणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून उभी आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून पावती मागण्याचा हट्ट शिकविला आहे. साधने आहेत, उणीव आहे ती विचारण्याच्या सवयीची. बिल न घेता घेतलेल्या बल्बबद्दल कोणत्याही आयोगापुढे काय सांगणार?

अन्य बनावट मालाची झळ निदान घेणाऱ्यालाच लागते. डुप्लिकेट पेन घेणाऱ्याच्या खिशात शाई सांडते. डुप्लिकेट घड्याळ घेणाऱ्याची गाडी चुकते. दिव्याचा न्याय उलटा आहे. बनावट बल्ब बसविणारा त्या उजेडामागे बसतो, आणि त्याचा दोष पाहतो तो समोरून येणारा. त्याने तो बल्ब निवडलेला नसतो, त्याला त्याचे बिल मिळत नाही, आणि रस्त्यावर थांबून तक्रार करण्याइतकी उसंतही नसते. म्हणून आपला दिवा चांगला आहे की नाही हे चालकाच्या जागेवर बसून ठरवू नये. एकदा गाडी उभी करावी, डिपर लावावा, पन्नास पावले चालत पुढे जावे आणि सायकलस्वाराच्या जागी उभे राहून मागे वळून पाहावे.